झुकिनीचे पारंपरिक वाण

झुकिनी ही काकडीच्या कुळातील, कोवळेपणीच तोडून खाल्ली जाणारी फळभाजी आहे. तिचे शास्त्रीय नाव कुकुर्बिटा पेपो असून ती लाल भोपळ्याच्या प्रजातीतील वनस्पती आहे. मोकळ्या परागीभवनाने वाढवलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या घरचे बी राखून टिकवलेल्या झुकिनीच्या वाणांना पारंपरिक वाण म्हणतात. या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या नाही. साधारणपणे पन्नास वर्षांहून जुन्या सरळ वाणांना ती लावली जाते. संकरित वाणांच्या तुलनेत पारंपरिक वाणांची झाडे बहुधा अधिक पसरट असतात आणि त्यांचे पीक काहीसे उशिरा व कमी एकसारखे येते; मात्र त्यांचे बी पुढील हंगामासाठी राखता येते.

मूळ व प्रसार

कुकुर्बिटा पेपो ही जात मूळची अमेरिका खंडातील आहे. मेक्सिकोतील वाहाका राज्यातील गिला नाकित्झ गुहेत या जातीच्या लागवडीचे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. सोळाव्या शतकात ही वनस्पती युरोपात पोहोचली. आजची लांब, दंडगोलाकार झुकिनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत, बहुधा मिलान शहराच्या परिसरात विकसित झाली. इटालियन भाषेत भोपळ्याला 'झुक्का' म्हणतात. 'झुकिनी' म्हणजे लहान भोपळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटालियन स्थलांतरितांबरोबर ती अमेरिकेत रुजली.

पुण्यात गुलटेकडी येथील मार्केट यार्डात ब्रोकोली, आइसबर्ग इत्यादी 'परदेशी भाज्यां'बरोबर झुकिनीची विक्री होते. बाजारात येणारा माल मुख्यतः संकरित वाणांचा असतो. पारंपरिक वाण प्रामुख्याने परसबागेत व गच्चीवरील बागेत लावले जातात.

प्रमुख वाण

ब्लॅक ब्युटी : गडद हिरवी, जवळजवळ काळी फळे. झाड झुडपासारखे. पेरणीपासून पहिली तोडणी ४५ ते ५५ दिवसांत. तोडणीयोग्य लांबी १५ ते २० सेंमी.

कोकोझेले : फिकट व गडद हिरव्या पट्ट्यांची लांबट फळे. पहिली तोडणी ५० ते ६० दिवसांत. फळ २५ सेंमीपर्यंत कोवळे राहते.

कोस्ताता रोमानेस्को : रोमच्या परिसरातील वाण. फळांवर उभ्या शिरा असल्यामुळे चकत्या ताऱ्याच्या आकाराच्या होतात. झाड मोठे व अर्धवट वेलीसारखे पसरणारे असते. उत्पादन कमी, परंतु चवीसाठी हा वाण प्रसिद्ध आहे.

रोंद द नीस : फ्रान्समधील नीस परिसरातील गोल फळांचा वाण. फळे ५ ते १० सेंमी व्यासाची असताना तोडतात.

झाडाचे आकारमान

पूर्ण वाढलेले झाड साधारण ६० ते ९० सेंमी उंच होते व ९० ते १२० सेंमी पसरते. लाल भोपळ्याप्रमाणे त्याचा लांब वेल धावत नाही. आखूड व जाड खोडावर पाने दाटीने येतात. पानांचे देठ पोकळ व काटेरी असून पान ३० सेंमीहून अधिक रुंद होऊ शकते. अनेक वाणांच्या पानांवर शिरांलगत रुपेरी ठिपके असतात. ते नैसर्गिक असून त्यांना भुरी रोग समजून फवारणी करण्याचे कारण नाही. भुरीची पांढरी पूड बोटाने पुसली जाते. हे ठिपके पुसले जात नाहीत.

मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या थरात आडवी पसरतात. त्यामुळे कुंडीत लागवड करताना खोलीइतकेच रुंदीला महत्त्व असते. एका झाडासाठी सुमारे ४० लिटर मातीची कुंडी लागते. लहान कुंडीत झाड जगते, परंतु दुपारी वारंवार कोमेजते व फळे वाकडी येतात.

वाढीचे टप्पे

उबदार मातीत बी ५ ते ८ दिवसांत उगवते. त्यानंतर चार ते पाच आठवड्यांत फुले येऊ लागतात. बहुधा पहिली काही फुले केवळ नर असतात, म्हणून सुरुवातीची फुले फळ न धरता गळतात. हा रोग नव्हे. मादी फुलाच्या तळाशी बोटभर फळ आधीच दिसते, नर फूल सरळ बारीक देठावर असते. फुले पहाटे उमलतात व दुपारपूर्वी मिटतात. तेवढ्या वेळात मधमाश्यांकडून परागीभवन झाले नाही, तर कोवळे फळ टोकाकडून पिवळे पडून सडते. ज्या गच्चीवर मधमाश्या फिरकत नाहीत, तेथे नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हाताने लावावे लागतात.

फळवाढीचा वेग

परागीभवनानंतर फळ ४ ते ७ दिवसांत तोडणीयोग्य होते. उबदार हवेत त्याची लांबी दिवसाला २ ते ५ सेंमी वाढते. लांबी व जाडी एकाच प्रमाणात वाढली, तर लांबी दुप्पट होताना वजन आठपट होते. म्हणूनच १५ सेंमीचे फळ चार-पाच दिवस नजरेआड राहिले, तर ते दोडक्याएवढे न राहता दुधी भोपळ्याएवढे भरते. न तोडलेले फळ एक मीटरपर्यंत वाढू शकते. कॅनडातील नायगारा फॉल्स येथे २०१४ मध्ये मोजलेल्या एका झुकिनीची लांबी २.५२ मीटर होती.

यावरून झुकिनीचा आकार हा केवळ वाणाचा गुणधर्म नसून तोडणीच्या वेळेवरही अवलंबून असतो, हे स्पष्ट होते. जून झालेल्या फळाची साल निबर, गर धाग्यांचा व बिया टणक होतात. शिवाय फळात बी भरू लागले की झाडाची शक्ती तिकडे वळते व नवीन मादी फुलांचे प्रमाण घटते. विसरलेले एक मोठे फळ पुढील अनेक लहान फळांची हानी करते. भर हंगामात दर एक-दोन दिवसांनी तोडणी करणे याचसाठी आवश्यक असते.

पुणे परिसरातील लागवड

बियांच्या पाकिटावरील दिवस समशीतोष्ण देशांतील उन्हाळा गृहीत धरून दिलेले असतात. वाढीस १८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. १० अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ युरोपातील उन्हाळ्याशी बऱ्याच अंशी जुळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पेरणी सर्वांत सोयीची ठरते. डिसेंबर-जानेवारीतील थंड रात्रींमुळे पहिली तोडणी पाकिटावरील मुदतीपेक्षा लांबू शकते.

एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ३५ अंशांच्या पुढे गेल्यावर परागांची कार्यक्षमता घटते व नर फुलांचे प्रमाण वाढते. झाड हिरवे दिसते, पण फळ धरत नाही. पावसाळ्यात ढगाळ हवा, मधमाश्यांची घटलेली ये-जा व फळकूज यांमुळे पीक कमी मिळते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत भुरी, तर उबदार काळात फळमाशी व मोझॅक विषाणू यांचा उपद्रव होतो.

बीजसंवर्धन

सरळ वाणाच्या बियांपासून मूळ वाणासारखीच झाडे मिळतात, मात्र परागीभवन शुद्ध असले पाहिजे. त्याच जातीतील अन्य वाणांपासून अर्धा ते एक किलोमीटर अंतर राखावे लागते. शहरात हे शक्य नसल्यास मिटलेले नर व मादी फूल आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधतात, सकाळी हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा बांधतात व देठाला खूण करतात. दुधी, दोडका व काकडी या वेगळ्या प्रजातींच्या वनस्पती असल्याने शेजारी असल्या तरी त्यांच्याशी संकर होत नाही.

बियांसाठीचे फळ साल टणक होईपर्यंत झाडावरच ठेवावे लागते. त्यास दीड ते दोन महिने लागतात व तेवढ्या काळात त्या झाडाचे भाजीचे उत्पादन घटते. म्हणून बियांसाठी वेगळी झाडे राखतात. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्यास आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात स्थानिक भाजीपाल्याच्या बियाण्यांबाबत असे कार्य अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी केले असून २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाला. झुकिनी परदेशी असली तरी तिचे बी राखण्याची तत्त्वे तीच आहेत.

कडू फळांपासून धोका

या कुळातील रानटी वनस्पतींमध्ये कुकुर्बिटासिन ही कडू व विषारी द्रव्ये असतात. निवडीतून खाद्य वाणांतील कडूपणा नाहीसा केलेला आहे. शोभेच्या कडू भोपळ्यांपैकी काही कुकुर्बिटा पेपो याच जातीचे असतात. त्यांच्याशी नकळत संकर झाल्यास पहिल्या वर्षीचे फळ नेहमीसारखेच लागते, परंतु त्याच्या बियांपासून पुढच्या वर्षी येणारी फळे कडू होऊ शकतात. अशी फळे खाल्ल्यास पोटदुखी, उलट्या व तीव्र जुलाब होतात. शिजवल्याने विष नष्ट होत नाही. म्हणून घरच्या बियांपासून आलेल्या झाडाच्या फळाचा लहानसा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. तो कडू लागल्यास थुंकून टाकावा, त्या झाडाची फळे खाऊ नयेत व त्याचे बी राखू नये.

हे सुद्धा पहा

लाल भोपळा
दुधी भोपळा
दोडका
परागीभवन