घरगुती वजनकाट्यावरील आकडे कसे वाचावेत?

शरीरातील चरबी, स्नायू, पाणी, हाडे, ‘चयापचय वय’ असे दहा-बारा आकडे क्षणार्धात दाखविणारे वजनकाटे आता अनेक घरांत आले आहेत. आकडे दशांशापर्यंत दिसत असल्याने ते अचूक असावेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात असा काटा दोनच गोष्टी मोजतो : वजन आणि विजेच्या प्रवाहाला शरीराकडून होणारा विरोध. उर्वरित आकडे हे या दोन मापांवरून, तसेच आपण नोंदविलेल्या उंची, वय व लिंग यांच्या आधारे सूत्राने काढलेले अंदाज असतात.

मापनाची पद्धत

काट्यावरील धातूच्या पट्ट्यांतून अतिशय सौम्य प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. स्नायूंत पाणी व क्षार भरपूर असल्याने त्यांतून वीज सहज वाहते. चरबीत पाणी कमी असल्याने तेथे विरोध वाढतो. केवळ पायांखाली पट्ट्या असलेल्या काट्यात प्रवाह मुख्यत्वे पाय व ओटीपोटातूनच जातो. म्हणजे पोट, छाती व हात यांविषयीचा आकडा बव्हंशी अनुमानाचा असतो.

पाण्यावर सारे अवलंबून असल्याने शरीरातील पाणी कमी झाले की चरबीचा आकडा वाढतो. आपल्याकडील दमट हवेत घाम गाळून आल्यावर हे विशेष घडते. उलट, अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच काट्यावर उभे राहिल्यास वजन अर्धा किलोने वाढते, परंतु विरोध फारसा बदलत नाही. त्यामुळे त्या पाण्याचा काही भाग चरबीच्या खात्यात जमा होतो.

कोणत्या आकड्याला किती महत्त्व?

चरबीची टक्केवारी सर्वांत उपयुक्त. मात्र एका दिवसाचा आकडा नव्हे, तर काही आठवड्यांचा कल पाहावा. ‘स्नायूंचे वजन’ या शीर्षकाखाली काही काटे चरबी व हाडे वगळता उरलेले सर्व, म्हणजे पाणीही, धरतात. ‘हाडांचे वजन’ हा निव्वळ अंदाज असून त्यावरून हाडांची घनता किंवा ठिसूळपणा कळत नाही. पोटातील अवयवांभोवतीच्या चरबीचा आकडा ही कंपनीने ठरविलेली श्रेणी असते; दोन कंपन्यांच्या श्रेणींची तुलना करता येत नाही. ‘चयापचय वय’ मनावर घेण्याचे कारण नाही.

वजन व टक्केवारी एकत्र वाचल्यास खरा अर्थ उलगडतो. समजा, 72 किलो वजनाच्या व्यक्तीत 30 टक्के, म्हणजे 21.6 किलो चरबी आहे. तीन महिन्यांनी वजन 69 किलो व चरबी 27.5 टक्के झाली, तर चरबी सुमारे 19 किलो उरते. घटलेल्या तीन किलोंपैकी 2.6 किलो चरबी आहे. परंतु टक्केवारी 30 वरच राहिली, तर चरबी केवळ 0.9 किलो घटली आणि 2.1 किलो स्नायू व पाणी गेले असे मानावे लागते. अशा वेळी आहारातील प्रथिने व स्नायूंचा व्यायाम यांकडे लक्ष द्यावे.

सडपातळ शरीर, अधिक चरबी

हा विषय आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा का, याचे उत्तर पुण्यात मिळते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय 22.3, परंतु क्ष-किरणांवर आधारित डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के चरबी आढळली. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते. याज्ञिक यांचे जन्मवजन कमी होते. पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांच्या अभ्यासातही या प्रवृत्तीची मुळे जन्मापूर्वीची असल्याचे दिसले : तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो होते. तरीही वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेखालील चरबी फारशी कमी नव्हती.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 पासून अतिवजन व 25 पासून स्थूलता मानली जाते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यात आढळले. देशाची सरासरी 11.4 टक्के होती. वजन ‘योग्य’ आहे एवढ्यावर निश्चिंत राहणे गोमंतकीयांना परवडणारे नाही.

मोजताना घ्यावयाची काळजी

• सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी मोजावे.
• काटा कठीण, सपाट फरशीवर ठेवावा. पाय अनवाणी व स्वच्छ असावेत. टाचांवरील घट्ट्यांमुळेही आकडा बदलू शकतो.
• मासिक पाळीच्या काळात किंवा पायांना सूज असताना आलेले आकडे तुलनेसाठी धरू नयेत.
• काटा बदलल्यास जुन्या आकड्यांशी तुलना करू नये.
• पेसमेकर बसविलेल्यांनी हे मापन करू नये. गरोदर स्त्रियांनी टाळावे.

या काट्याच्या जोडीला शिवणकामाची साधी मोजपट्टी ठेवावी. कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटर व स्त्रियांत 80 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असल्यास, काटा काहीही दाखवो, डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. मधुमेहाचे निदान रक्ततपासणीनेच होते.