जालन्याचा माणूस चांदमिनारावर

दौलताबादच्या किल्ल्यात तिकीट काढून शिरलात की चांदमिनार समोर उभा, पण वर सोडत नाहीत. दुबईला बुर्ज खलिफात पैसे मोजले की लिफ्ट मिनिटभरात 124व्या मजल्यावर नेते. जालन्यापासून पाऊणशे किलोमीटरवरच्या, 1981 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या या मिनारावर चढायचं तर एकच वाट उरते. साल मागे सरकवायचं. हिजरी 849, म्हणजे आपलं 1445.

आता दार उघडं आहे. बाहेर बैल चुन्याची घाणी ओढतोय, दगडी चाक कुरकुरतंय. पायथ्याच्या छोट्या मशिदीशी निळ्या चकाकत्या फरशांचे तुकडे पडलेत. तुम्ही आत शिरता आणि अंधार होतो. जिना गोल गोल वळत वर जातो, पायऱ्या उंच. उजवा हात भिंतीला लावूनच चालायचं. ओला चुना बोटांना लागतो. पायऱ्या मोजायला घेता, चाळिशीच्या पुढे कुठेतरी मोजणं सुटतं. गुडघे बोलायला लागतात. मग एकदम उजेड, आणि दगडी हस्तांवर तोललेल्या सज्जात वारा असा येतो की आधी खाली बसावं लागतं.

सज्जात एक गवंडी दरजा भरत बसलाय. तो विचारतो, ‘‘कुठले?’’

‘‘जालन्याचे.’’

त्याचं बोलणं निम्मं कळतं. मराठी लीळाचरित्राच्या जवळपासची, मध्येच दिल्लीकडचे शब्द. पणजोबाचा बाप तिकडून आला म्हणतो. महंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी इथे हलवली, तेव्हाची ही खोड. आताचा सुलतान अलाउद्दीन अहमदशहा बसतो बीदरला. पण बहमनी घराण्याचा मूळपुरुष हसन गंगू गादीवर बसला तो याच गावात, 1347 साली. बीदरचा राज्यकर्ता इथे एवढा मिनार का उठवतो, ते त्यावरून ओळखावं.

तुम्ही पश्चिमेकडे वळता आणि जरा हिरमोड होतो. एवढं चढून आलात, तरी मान वरच करावी लागते. देवगिरीचा डोंगर समोर आहे. खालचा कडा पाथरवटांनी असा तासलाय की घोरपडीनंही विचार करावा. बुर्जवाल्यांना हे दुःख ठाऊक नसणार.

पूर्वेकडे मात्र मैदान मोकळं. उंचावर गेल्यावर माणूस आधी आपलं घर शोधतो, तसं तुम्ही जालना शोधता. जालना काही दिसत नाही. मधलं औरंगाबादही नाही. मलिक अंबर खडकीला शहर वसवेल ते 1610 मध्ये, आणि बीबी का मकबरा त्यानंतर पन्नास वर्षांनी. आहेत ती नुसती शेतं: ज्वारी, कापूस, करडई. मका नाही, भुईमूग नाही.

गवंडी फडकं सोडतो. भाकरी, लसणाची गोळी, वर करडीचं तेल. तुम्ही घास घेता आणि जिभेला काहीतरी चुकल्यासारखं होतं. मिरची! ती यायला अजून पोर्तुगिजांना गलबतं हाकारायचीत. याच्या लसणात मिरी आहे, पण मराठवाड्याच्या माणसाचं मिरीवर काय भागणार? खाली घाटाच्या वाटेवर सीताफळांच्या पाट्याही नाहीत, तेव्हा उतरल्यावरही आशा नाही.

पिशवीत जालन्याची मोसंबी आहे. ती सोलून तुम्ही त्याच्यापुढे धरता. तो साल नाकाशी नेतो.

‘‘महाळुंग?’’

मान हलवता. एक फोड तो तोंडात टाकतो, डोळे बारीक करून आंबटाची वाट बघतो. आंबट येत नाही. दुसरी फोड मागून घेतो. मग तळहातावर बिया थुंकतो, चुन्याच्या बोटांनी पुसतो आणि पागोट्याच्या पदराला गाठ मारून बांधतो.

इथे तुम्हाला धडकी भरते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. हा माणूस साडेपाचशे वर्षं आधी दौलताबादेत झाड लावून बसला तर? तुम्ही बिया परत मागता.

तो थापी उचलतो आणि दरजा भरायला लागतो.