जवळचें काम, दूरचें काम

'जवळ' हा शब्द वरकरणी साधा दिसतो. परंतु व्यापाराच्या इतिहासांत त्याच्याइतका फसवा शब्द दुसरा क्वचितच सांपडेल. जव्हार हें गांव मुंबईपासून सुमारें दीडशे किलोमीटरांवर आहे. दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे देशाची राजधानी माँटेव्हिडिओ मुंबईपासून १४,००० किलोमीटरांहूनहि अधिक दूर आहे. असें असतां मुंबईंत जन्मलेल्या एका मोठ्या कंपनीचें संगणकावरील काम माँटेव्हिडिओस गेलें, आणि जव्हार-मोखाड्याचीं माणसें मात्र कामाच्या शोधांत घरें सोडून मुंबईच्या परिसरांत उतरत राहिलीं. काम माणसाकडे केव्हां जातें आणि माणसास कामाकडे केव्हां जावें लागतें, याचा उलगडा या दोन प्रवासांच्या इतिहासांत आहे.

आपलें काम दुसऱ्याच्या हातून करवून घेण्याची रीत संगणकाबरोबर जन्मलेली नाहीं. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत कापड-गिरणीची कंपनी स्थापन केली. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें सूतकताई, विणाई आणि रंगाई हीं कामें एकाच चिमणीच्या सावलींत होत राहिलीं. पुढें विणाई हळूहळू भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकली. तेथील व्यवस्था मोठी सोयीची होती: सूत व्यापाऱ्याचें, माग मालकाचा आणि हात मजुराचे. मालमोटार सकाळीं सूत घेऊन जाई व कापड घेऊन परते. आणि गिरणी-कामगारांनीं दीर्घ झगड्यानें मिळविलेले पगार व हक्क त्या मोटारीबरोबर प्रवास करीत नसत. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे पुन्हां वाजले नाहींत, आणि भिवंडीच्या मागांचा खडखडाट वाढत गेला. अंतर थोडें, पण मजुरींत फरक मोठा. 'जवळ' काम देण्याचें हें पहिलें मर्म.

संगणकाच्या धंद्यांत आरंभीं मुंबई आणि पुणें हींच दूरचीं गांवें होतीं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ सालीं मुंबईंत निघाली. फकीरचंद कोहली यांच्या हातीं तिचीं सूत्रें आलीं, तेव्हां परदेशी यंत्र आणावयाचें तर परकीय चलन दुर्मिळ आणि परवाने त्याहून दुर्मिळ. यंत्र आणावें तर त्याच्या मोबदल्यांत निर्यात करून दाखवावी, असा सरकारी दंडक होता. १९७३ सालीं अंधेरीस सीप्झ हें निर्यात-क्षेत्र उभें राहिलें आणि १९७४ सालीं टाटांच्या या संस्थेनें बरोज या अमेरिकन यंत्र-कंपनीशीं संबंध जोडला. याच सुमारास नरेंद्र पाटणी यांनीं अमेरिकेंतील मजकूर पुण्यास यंत्रावर उतरवून परत पाठविण्याचा उद्योग आरंभिला. इन्फोसिसचा जन्महि पुण्यासच, १९८१ सालीं झाला.

दूरच्या देशाकडून काम करवून घेण्यांत अमेरिकन व्यापाऱ्यास तीन लाभ दिसले. इंग्रजी जाणणारे अभियंते येथें विपुल होते. त्यांचे पगार तिकडच्या मानानें अल्प होते. आणि न्यूयॉर्कचें घड्याळ भारताच्या मागें साडेनऊ ते साडेदहा तास चालत असल्यानें तिकडे रात्र असतां इकडे काम पुरें होई. उपग्रहाच्या व पुढें समुद्राखालील तारांच्या साह्यानें आज्ञावल्या क्षणांत पोंचूं लागल्या. शतक संपतांना जुन्या यंत्रांतील सालांचे दोन आंकडे चार करण्याचें अवाढव्य काम निघालें आणि या धंद्यास भरती आली.

परंतु जो रात्रीचा लाभ, तोच पुढें अडचण ठरला. ठरलेलें काम मुकाट्यानें उरकून द्यावयाचें असेल, तर मध्यें रात्र असलेली बरी. पण काय करावयाचें हेंच रोज चर्चेनें ठरवावयाचें असेल, तर एकानें जेवणाच्या वेळीं विचारलेल्या प्रश्नास दुसऱ्यानें झोपेंतून उठून उत्तर द्यावें, हें फार दिवस चालत नाहीं. शिवाय अमेरिकेंतील कित्येक ग्राहकांचीं गिऱ्हाइकें स्पॅनिश बोलणारीं, युरोपांतील ग्राहकांचीं जर्मन वा फ्रेंच बोलणारीं. आणि भारतीय अभियंत्यास तिकडे पाठवावयाचें तर प्रवेश-परवान्यांची संख्या मोजकी. तेव्हां भारतीय कंपन्यांनीं निराळी युक्ति योजिली. ग्राहक जेथें आहे, त्याच्या शेजारच्या स्वस्त देशांत आपलें कार्यालय थाटावें आणि अवघड चर्चेचें काम तेथें ठेवावें. यासच व्यापाराच्या परिभाषेंत 'निअरशोरिंग' म्हणतात. टाटांची संस्था २००१ सालीं हंगेरींतील बुडापेस्ट येथें आणि २००२ सालीं माँटेव्हिडिओ येथें गेली. इन्फोसिसनें २००४ सालीं झेक प्रजासत्ताकांतील बर्नो येथें व २००७ सालीं मेक्सिकोंतील माँटेरे येथें कार्यालय उघडलें. तेथील अभियंता पुण्याच्या अभियंत्याहून महाग, परंतु न्यूयॉर्कच्या वा फ्रँकफुर्टच्या मानानें स्वस्त; आणि मुख्य म्हणजे तो ग्राहकाबरोबरच जागा असे. दूरचा म्हणून ज्याला काम मिळालें, त्यानेंच पुढें जवळच्याला कामावर ठेवलें, ही या इतिहासांतील गंमत आहे.

माँटेव्हिडिओ न्यूयॉर्कपासून काय जवळ आहे? विमानास रात्रभर उडावें लागतें. पण घड्याळांत अंतर एक-दोन तासांचेंच. उरुग्वेनें १९८७ सालीं मुक्त व्यापार-क्षेत्रांचा कायदा केला आणि २००७ पासून सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाच्या हातीं संगणक देण्याची योजना हातीं घेतली. तात्पर्य, जवळीक ही नकाशावर सांपडत नाहीं. ती घड्याळ, भाषा, कायदा आणि शाळा यांच्या योगानें घडवावी लागते.

या कसोटीवर जव्हार-मोखाड्याकडे पाहिलें म्हणजे चित्र उदास दिसतें. घड्याळ मुंबईचेंच, भाषा मराठी, कायदाहि तोच. समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवरील जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकीर्दींत, १९४८ सालीं, संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. शेजारचें मोखाडें पूर्वींपासून ठाणें जिल्ह्यांत होतें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा झाला तेव्हां दोन्ही तालुके त्यांत आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी हे येथील लोक. नागली, वरई आणि भात हीं पिकें. पाऊस धो-धो पडतो आणि उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यांत बायांना हंडा घेऊन दूरवर जावें लागतें. याच मुलुखांतून वाहणाऱ्या वैतरणेवर मुंबईसाठीं १९५७ सालीं मोडकसागर आणि २०१४ सालीं मोखाडे तालुक्यांत कोचाळे येथें मध्य वैतरणा हीं धरणें पुरीं झालीं. पाण्याला मुंबई जवळ झाली. कामाला जव्हार जवळ झालें नाहीं.

म्हणून माणसेंच निघालीं. भाताची झोडणी उरकून दिवाळी सरली, कीं कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांची वाट धरतात. पावसाळ्यांत घेतलेली उचल हंगामभर माती तुडवून फेडावयाची, आणि मृगापूर्वीं परतावयाचें. बरोबर नेलेल्या मुलांची शाळा बुडते, मागें ठेवलेल्या म्हाताऱ्यांची चूल थंडावते. ज्या भिवंडीनें मुंबईचें काम जवळ घेतलें, तिच्याच आसमंतांतील भट्ट्यांवर हे हात राबतात. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या वार्तेनें सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईच्या इतक्या निकट अन्नावांचून मुलें दगावतात, हें अनेकांस तेव्हां प्रथमच कळलें.

हें शल्य ओळखून काम गांवाकडे आणण्याचा यत्न झालाच नाहीं असें नव्हे. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून आलेल्या रोजगार हमीस महाराष्ट्रानें १९७७ सालीं कायद्याचें रूप दिलें. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें वर्षांतून १०० दिवस काम देण्याचें वचन दिलें, आणि तें शक्यतों गांवापासून ५ किलोमीटरांच्या आंत असावें, असेंहि सांगितलें. 'जवळ' या शब्दाचें माप मजुराच्या पायांनीं घेणारें हें कलम होतें. परंतु मजुरी उशिरां हातीं पडली, कीं भट्टीवाल्याची रोख उचलच जवळची वाटे.

उचल देणाऱ्यास जव्हार कधींच दूर वाटलें नाहीं. धरणें बांधणाऱ्यासहि नाहीं. ज्याला ज्याची गरज असते, त्याला तें जवळ भासतें. माँटेव्हिडिओनें आपली गरज जगास वाटावी म्हणून कायदा केला आणि मुलांच्या हातीं संगणक दिला. जव्हारचें मूल दिवाळीनंतरहि आपल्याच शाळेच्या पटावर हजर राहील, त्या वर्षीं मुंबई आणि जव्हार यांतील अंतर खऱ्या अर्थानें कमी होऊं लागेल.