काळ आणि काळाचे माप : खानदेशच्या इतिहासातील काही साक्षी

वाचकहो, 'किती वाजले?' हा प्रश्न आपण दिवसातून दहा वेळा विचारतो. पण 'वेळ म्हणजे काय?' हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. पहिल्याचे उत्तर मनगटावर किंवा खिशातल्या मोबाइलवर मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात मोठमोठ्या विचारवंतांची आयुष्ये खर्ची पडली आहेत. तत्त्वज्ञानाची जड चर्चा करण्याचा येथे हेतू नाही. आपल्या खानदेशच्या इतिहासात या प्रश्नासंबंधी ज्या साक्षी सापडतात, त्या आपल्यापुढे ठेवाव्यात, एवढाच उद्देश आहे.

पहिली साक्ष चाळीसगावजवळच्या पाटणची. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ स्थापन केला. तसा शिलालेखच तेथे आहे. तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. त्यांच्या 'लीलावती' या ग्रंथाविषयी एक कथा आपण सर्वांनी ऐकली असेल. कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यावर घटिकापात्र ठेवले होते. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत येऊन पात्र बुडाले की एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे, भरली असे समजत. लीलावती वाकून पाहू लागली. तिच्या वस्त्राचा मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, पात्र बुडालेच नाही आणि मुहूर्त टळला!

ही कथा आपल्यापर्यंत कोणी पोहोचविली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले. ही कथा प्रसिद्ध झाली ती त्याच्या प्रस्तावनेमुळे. ती ऐतिहासिक असेल वा नसेल, परंतु तिच्यात काळाचे सारे तत्त्वज्ञान साठविले आहे. मोत्याने पात्र थांबले. काळ थांबला काय? मुळीच नाही. थांबले ते माप. काळ आपल्या वाटेने निघून गेला आणि माणसे बंद पडलेल्या मापाकडे पाहत बसली. काळ वेगळा आणि काळाचे माप वेगळे, हा पहिला धडा होय.

दुसरी साक्ष बऱ्हाणपूरची. रावेरच्या पुढे असलेले हे शहर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळी ती खानदेशची राजधानी होती. तेथील जामा मशीद राजे अली खान ऊर्फ आदिलशहा फारुकी याने बांधली. मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष मास, शुक्ल पक्ष, सोमवार असा काळ दिला असून नक्षत्र व घटकाही नोंदविल्या आहेत. इंग्रजी मापाने हा दिवस १५९० च्या जानेवारीत येतो. विचार करा, मशीद अल्लाहची, बांधणारा मुसलमान सुलतान आणि क्षण मोजला आहे पंचांगाने! त्या सुलतानाला यात काही वावगे वाटले नाही. ज्या प्रजेत आपण राहतो, तिला समजेल त्या मापातही आपल्या इमारतीची वेळ नोंदलेली असावी, हे शहाणपण त्याच्यापाशी होते.

तिसरी साक्ष शेतकऱ्याची. हिजरी सनाची गणना दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात सुरू झाली. हा सन शुद्ध चांद्र आहे. त्याचे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. यामुळे उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा आणि थंडीचा रोजा प्रत्येकाच्या वाट्याला येतो. इबादतीसाठी हे न्यायाचे आहे. परंतु शेतसारा? पीक चंद्राकडे पाहून येत नाही. चांद्र वर्षाने सारा मागितला तर पीक उभे असतानाच मागणी यायची. म्हणून मुसलमान राज्यकर्त्यांनीच पिकाशी जुळणारे सन चालविले. दख्खनमध्ये शुहूर सन रूढ झाला, पुढे मोगलांचा फसली सन आला. 'फसल' म्हणजे पीक, हे आपण जाणतोच. शुहूर सनाचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होई, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. मराठ्यांच्या कागदपत्रांतही हा सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला आढळतो. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तरी दफ्तरातून शुहूर सन गेला नाही. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या कास्तकाराला तो आपलाच वाटत होता.

आता चौथी साक्ष रेल्वेची. रेल्वे येण्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्याची असे. गाड्या धावू लागल्या आणि हे चालेना. रेल्वेने सर्वत्र मद्रासची वेळ धरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३० मिनिटे मागे होती. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाण वेळ सरकारने लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे आपणांस वाटेल. पण ऐन थंडीत गिरणी कामगाराला ३९ मिनिटे आधी, अंधारात घर सोडावे लागणार होते. त्याच जानेवारीत मुंबईच्या जेकब ससून गिरणीत कामगारांनी काम बंद पाडून घड्याळावर दगड मारले. मुंबईच्या नगरपालिकेनेही आपली जुनी वेळ सोडण्यास नकार दिला आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ती टिकविली. फसली सनासारखे माप माणसाच्या गरजेतून आले, ते शतकानुशतके टिकले. १९०६ चे माप वरून हुकुमाने आले, म्हणून त्यावर दगड पडले. पुढे त्याची सोय सर्वांना पटली आणि ते आपले झाले.

आपले वरणगाव सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यामुळे येथे सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर सरासरीने सुमारे २६ मिनिटांनी उशिरा. आणि ऋतुमानाप्रमाणे ही वेळ साधारण १२-१० ते १२-४० अशी सरकते. जोहरच्या नमाजीची वेळ दर महिन्याला का बदलते, याचे कारण हेच. शिक्षक बंधूंना विनंती आहे की, शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी रोवून तिची सर्वांत लहान सावली मुलांकडून वर्षभर मोजून घ्यावी. पुस्तकातल्या दहा पानांनी जे समजत नाही, ते काठीच्या सावलीने समजेल.

न्यूटनने काळ हा सर्वत्र एकसारखा वाहणारा मानला. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखविले की गतीप्रमाणे काळाचे मापही बदलते. फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ म्हणे की खरा काळ घड्याळात नसून मनाच्या अनुभवात असतो. महाकवी इक्बाल यांनीही आपल्या व्याख्यानांत या विचाराचा परामर्श घेतला. यातील अनुभवाची गोष्ट आपण सर्व जाणतो. परीक्षेचे तीन तास विद्यार्थ्याला पुरत नाहीत आणि दवाखान्याबाहेर बसलेल्या बापाला तेच तीन तास सरत नाहीत. घड्याळ दोघांचे एकच असते.

वाचकहो, आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न नुसत्या विचाराचा राहत नाही. दहावीनंतर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मुलीचे शिक्षण थांबविणारा पालक आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या हिशेबात ते एक वर्ष असते. मुलीच्या आयुष्यात मात्र ते वय पुन्हा येत नाही. लीलावतीच्या घटिकापात्रात पडलेला मोती मौल्यवानच होता. आपणही अशीच काही मौल्यवान कारणे सांगत असतो. प्रतिष्ठा, रिवाज, लोक काय म्हणतील! या मोत्यांनी माप बंद पडते, काळ नाही. पाटणच्या मठाने, फैजीच्या लेखणीने आणि बऱ्हाणपूरच्या सुलतानाने ज्ञान कोणाचे आहे हे न विचारता ते घेतले आणि वेळेवर घेतले. त्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपणही तेवढे करावे.