राजपदव्यांचा अर्थ

राजांच्या नावांमागे लागलेली लांबलचक बिरुदावली हा इतिहासातील अत्यंत नीरस भाग होय, असा सामान्यतः समज आहे. लढाया आणि सनावळ्या ध्यानात ठेवणारा वाचकही बिरुदे मात्र भाटांची अतिशयोक्ती म्हणून ओलांडून पुढे जातो. परंतु राजसत्ता स्वतःस काय समजत होती, हे तिच्या पदवीइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच नमूद झालेले असते. राज्य कशावर, कोणाच्या अनुज्ञेने आणि कोणाच्या नावाने, या तीन प्रश्नांची उत्तरे पदवीच्या दोन-चार शब्दांत साठविलेली असतात.

फ्रान्सच्या राजांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील प्रारंभीचे राजे स्वतःस ‘फ्रँकांचा राजा’ म्हणवीत. त्यांचे राज्य एका जमातीवर होते. फिलिप ऑगस्टस (११८०-१२२३) याच्या काळापासून ‘फ्रान्सचा राजा’ हे रूप राजलेखांत येऊ लागले आणि जमातीची जागा भूमीने घेतली. पुढे राज्यक्रांतीनंतर १७९१ च्या संविधानाने सोळाव्या लुईस ‘फ्रेंचांचा राजा’ ठरविले. वरवर पाहता हे जुन्याच पदवीचे पुनरागमन. परंतु आता राजा लोकांचा धनी राहिला नसून त्यांचा नेमलेला अधिकारी झाला होता. पुढच्याच वर्षी राजपद नष्ट झाले, आणि खटल्यात त्यास ‘लुई कापे’ एवढ्याच नावाने पुकारण्यात आले. त्याच्या राणीच्या वाट्यास ‘विधवा कापे’ हे नाव आले. शिरच्छेदापूर्वी पदवीचा छेद करणे क्रांतिकारकांस आवश्यक वाटले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पदवीचा हा अभ्यास करण्यासाठी सातासमुद्रापलीकडेच जावे असे नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या उत्तरेस वसलेले बेळगाव हे तेराव्या शतकाच्या आरंभी ‘वेणुग्राम’ या नावाने रट्टांची राजधानी होते. १२०४ साली तेथे उभी राहिलेली कमलबस्ती आजही किल्ल्यात पाहावयास मिळते. हे रट्ट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ अशा लट्टलूर नगरीचे स्वामी, म्हणवीत. लट्टलूर म्हणजे मराठवाड्यातील लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी वेणुग्रामात आणि बिरुद लातूरचे! या विसंगतीत फसवणूक नव्हती. आपले मूळ कोठले आणि आपण कोणत्या थोर कुळाचे, हे सांगण्याची ती रीत होती. बलाढ्य राष्ट्रकूटांचेही हेच बिरुद होते. इंग्लंडच्या राजांनी १३४० पासून ‘फ्रान्सचा राजा’ ही पदवी धारण केली, आणि फ्रान्समधील त्यांचे शेवटचे ठाणे कॅले हे १५५८ साली गेल्यावरही १८०१ पर्यंत ती सोडली नाही. भूमी हातची गेली तरी तिचे नाव पदवीत राहते. आजच्या सीमारेषेच्या दोन बाजूंस पडलेली बेळगाव आणि लातूर ही दोन नगरे रट्टांच्या त्या एका समासात अशी एकत्र नांदत होती.

अनुज्ञेचा प्रश्न याहून कठीण. चालुक्यांच्या मांडलिकांच्या शिलालेखांत प्रथम सम्राटाची बिरुदे येतात आणि मग मांडलिक ‘तत्पादपद्मोपजीवी’, म्हणजे त्याच्या चरणकमलांवर उपजीविका करणारा, म्हणून अवतरतो. या परंपरेच्या पार्श्वभूमीवर शिवाजीमहाराजांच्या पदव्यांचा क्रम पाहावा. त्यांच्या सुप्रसिद्ध संस्कृत मुद्रेत राजपदाचा उल्लेखच नाही. आहे तो केवळ शहाजीचा पुत्र शिव एवढाच. लोकांत ‘शिवाजीराजे’ हे नाव रूढ असले, तरी १६६८ साली औरंगजेबाने ‘राजा’ ही पदवी स्वतःच्या अधिकारात त्यांस बहाल केली. परंतु जी पदवी देता येते ती काढूनही घेता येते. म्हणूनच ६ जून १६७४ रोजी रायगडावर अभिषेक करवून घेऊन महाराज ‘क्षत्रियकुलावतंस सिंहासनाधीश्वर छत्रपती’ झाले, तेव्हा वाढले ते केवळ बिरुद नव्हते. अनुज्ञा देणारा वरिष्ठच उरला नाही. नवा राज्याभिषेक शक सुरू झाला. पेशव्याचा मुख्यप्रधान, मुजुमदाराचा अमात्य व सरनोबताचा सेनापती झाला. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे उमटली, व राजपद खेड्यातील बाजारापर्यंत पोचले. मोगल इतिहासकार मात्र यानंतरही नुसते ‘सिवा’ असेच लिहीत राहिले. लुई कापे म्हणणारे आणि सिवा लिहिणारे, दोघांसही पदवीचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते.

राण्यांच्या पदव्यांची कथा निराळी आहे. फ्रान्समध्ये चौदाव्या शतकापासून स्त्रीस सिंहासनाचा वारसा नाही, असा दंडक दृढ झाला. तथापि चौदाव्या लुईची माता ॲन हिने १६४३ पासून अल्पवयी पुत्राच्या नावाने राज्य चालविले. आपल्याकडे येसूबाईंच्या मुद्रेत ‘सखी राज्ञी’ हे पद आढळते; स्त्रीच्या राजकीय अधिकाराची ती मान्यता होती. ताराबाईंनी १७०० ते १७०७ या काळात औरंगजेबाशी झुंज दिली, तीही पुत्राच्या नावाने. कर्तृत्व मातेचे आणि पदवी मुलाची, हा न्याय सीन नदीच्या काठी व सह्याद्रीत सारखाच होता.

पदवी एकाकडे आणि सत्ता दुसऱ्याकडे, अशी स्थिती आल्यास काय करावे? फ्रँकांच्या राज्यात ७५१ साली हा प्रश्न सुटला, तो असा : राजवाड्याचा कारभारी पेपिन याने पोपची संमती मिळविली, नामधारी राजाचे केस कापून त्यास मठात धाडले आणि राजपद स्वतःकडे घेतले. पुण्याच्या पेशव्यांनी मात्र तसे केले नाही. सर्व कारभार हाती असूनही त्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव येई आणि मग ‘प्रधान’ हे स्वतःचे पद. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. यात निष्ठा किती व धोरण किती, याचा निवाडा प्रत्येक पेशव्यापुरता वेगळा करावा लागेल. पण रायगडावर निर्माण झालेल्या पदवीस हात लावणे पेपिनाइतके सोपे नव्हते, एवढे खास.

शेवटचा प्रकार लोकांनी दिलेल्या पदव्यांचा. कित्तूरचे घराणे देसाईंचे. परंतु १८२४ साली इंग्रजांशी लढलेल्या चन्नम्मांस या मुलखाने ‘राणी’ म्हटले आणि तेच नाव टिकले. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांस छत्रपतिपद वारशाने आले होते. ‘राजर्षी’ ही पदवी मात्र त्यांस १९१९ साली कानपूर येथे कुर्मी समाजाच्या अधिवेशनाने अर्पण केली. ती ज्यांनी दिली ते त्यांचे प्रजाजनही नव्हते.

१९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपुष्टात आले. सरकारांनी दिलेल्या कितीएक पदव्या आता केवळ दप्तरांत उरल्या आहेत. राजहंसगडावर २०२३ साली शिवछत्रपतींचा भव्य पुतळा उभा राहिला, तो औरंगजेबाच्या ‘राजा’चा नव्हे. पदवी कोणी दिली, या प्रश्नाचे महत्त्व गडाखालच्या माणसास पुस्तके न वाचताही उमगलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकाने ते पुराव्यानिशी मांडावे, एवढेच त्याचे काम.