शाळेतलं आरोग्य: प्रश्न जागृतीचा नाही

सप्टेंबर लागला की शाळाशाळांतून पोषण माह सुरू होतो. पालेभाज्यांचं प्रदर्शन भरतं, कडधान्यांची रांगोळी निघते, पाचवीतली एखादी मुलगी जीवनसत्त्वांवरचं भाषण न अडखळता म्हणून दाखवते आणि फोटो वरच्या कार्यालयाच्या ग्रुपवर जातात. या सगळ्यामागे एक समजूत आहे. ती खात्याला मान्य आहे, शहरी पालकांना मान्य आहे, पुरवण्यांतल्या आहारतज्ज्ञांना तर फारच मान्य आहे. मुलांची तब्येत बिघडली ती सवयींमुळे. पाकिटातला खाऊ, मोबाइल आणि आळस हे तिघे गुन्हेगार. तेव्हा शाळेने मुलांचं आणि आईबापांचं प्रबोधन करावं, बाकीचं मग होईलच. माझं म्हणणं असं की महाराष्ट्रातल्या बहुसंख्य सरकारी शाळांपुरतं हे निदानच चुकलेलं आहे. चुकूनही ते टिकलं आहे, कारण त्यावरचा उपचार स्वस्त पडतो.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही. शहरातल्या खासगी शाळांत वजन वाढलेली मुलं दिसतात, ती खरीच. राज्य सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करायला सांगितलं. २०२० च्या केंद्रीय नियमांनी जादा मेद, मीठ आणि साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीला शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत मनाई केली. २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. यातलं काहीच वावगं नाही. फाटकासमोरच्या गाडीवाल्याला ते पन्नास मीटर कोणी मोजून दाखवत नाही, तो भाग वेगळा.

पण देशातल्या मुलांच्या पोषणाची २०१६ ते २०१८ या काळात जी मोठी सरकारी पाहणी झाली, तिच्यात काय निघालं ते बघा. या पाहणीत उंची-वजनाबरोबर रक्ताचे नमुनेही तपासले होते. ५ ते ९ वयोगटात जादा वजनाची मुलं ४ टक्के. वयाच्या मानाने किडकिडीत २३ टक्के, उंची खुंटलेली २२ टक्के, रक्तक्षय झालेली २४ टक्के. १० ते १९ च्या गटात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ३१ टक्क्यांना. ही देशाची सरासरी आहे, आणि त्यानंतर लठ्ठपणा वाढला असणार हे मी धरून चालतो. तो दुप्पट झाला असं मानलं तरी एका जाड मुलामागे जवळजवळ तीन हडकुळी मुलं उरतात. मग शाळेतलं आरोग्यशिक्षण त्या एकालाच उद्देशून का?

जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळच्या परिपाठाला उभी राहणारी कित्येक मुलं चहा आणि त्यात बुडवलेली खारी एवढ्यावर आलेली असतात. आई तोवर खुरपणीला गेलेली असते. तिला मुगाचे गुण ठाऊक नाहीत असं समजणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. तिला मूग ठाऊक आहे आणि मुगाचा भावही ठाऊक आहे.

निदान चुकतं कसं, ते लोहाच्या निळ्या गोळीवरून कळतं. सहावीपासून पुढच्या मुलामुलींना ती आठवड्यातून एकदा शाळेत देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. गोळी जेवणानंतर घ्यायची, कारण रिकाम्या पोटी तिने मळमळतं. चहानेही लोह शोषलं जाण्यात अडथळा येतो. आता एखादी मुलगी ती गोळी गालात धरते, मान हलवते आणि बाहेर जाऊन थुंकते. गुरुजींच्या अहवालात याची नोंद ‘जागृतीचा अभाव’ अशी होते. वास्तविक पोरीने आपल्या पोटाचं ऐकलेलं असतं. तिला गोळीआधी नीट जेवण हवं आहे, रक्तक्षयावरचं व्याख्यान नव्हे.

म्हणजे मुद्दा ताटाशी येतो. केंद्राच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी मिळायची. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं भरायची. कागदावर ती भरतातही. पण बेरीज उलगडून पाहिली तर त्या बारातले सातेक ग्रॅम एकट्या तांदळातून येतात, आणि तांदळाच्या प्रथिनात लायसीन कमी. ती उणीव डाळीने भरून काढायची, तर डाळ लहान पोराच्या मुठीत मावेल एवढीच. ब-१२ या ताटात जवळपास नाहीच. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिन असतं आणि ब-१२ ही असतं. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, अंडं न खाणाऱ्याला केळं. धार्मिक भावनेचा प्रश्न खरं तर तिथेच मिटला होता: घेणाऱ्याने अंडं घ्यावं, न घेणाऱ्याने केळं. तरी जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी थांबवला. पोषण माह मात्र चालूच राहिला. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात रोज अंडं असतं, आणि सप्टेंबर २०२२ पासून पहिली ते पाचवीच्या मुलांना सकाळची न्याहारीही आहे. तिथली मुलं भाषणं कमी पाठ करत असतील. पहिल्या तासाला उपाशी बसत नाहीत.

कोणी म्हणेल, खिचडीने असा काय फरक पडतो? याचं उत्तर २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या भारताविषयीच्या एका अभ्यासात आहे. ज्या बायकांना लहानपणी शाळेत हे जेवण मिळालं होतं, त्यांची मुलं वयाच्या मानाने अधिक उंच आढळली, आणि गरीब घरांत हा फरक जास्त ठळक होता. मुलीला मिळालेल्या ताटाचा माग पुढच्या पिढीपर्यंत लागतो. एखाद्या प्रभातफेरीचा असा परिणाम मोजलेला माझ्या वाचनात नाही.

शिक्षकांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. ‘शाळेचं स्वयंपाकघर झालं’ या तक्रारीत तथ्य आहे: साठ्याची नोंदवही, रोजची ऑनलाइन माहिती, सिलिंडर, भाजीची उसनवारी. बिहारमध्ये गंडामन गावात जुलै २०१३ मध्ये कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने २३ मुलं दगावली. तेव्हापासून मुलांआधी ताटाची चव घेताना गुरुजींच्या मनात काय येत असेल ते समजू शकतं. पण यावरून निष्कर्ष निघतो तो माणसं वाढवण्याचा. स्वयंपाकी-मदतनीस बाईला केंद्राच्या हिशेबाने महिना १००० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने; महाराष्ट्रात भर घालून ते २५०० झाले. शंभर पोरांचं जेवण दोन बायकांनी करायचं, भांडीही घासायची. या मानधनावर स्वच्छतेचं प्रशिक्षण देणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी लागेल.

खेळाचीही तीच गत. ‘मुलं हल्ली खेळत नाहीत’ असं आपण म्हणतो, पण खेळायला शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायद्यात आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तरच. लहान गावातली शाळा सरळ बाहेर. तिथे पीटीचा तास म्हणजे ‘जा, खेळा’. मग मैदान मोठ्या मुलांचं होतं आणि मुली पायरीवर बसतात. पाळी सुरू झालेल्या मुलीला घरचे अंगणातही धावू देत नाहीत. तिच्या वाट्याला उरतो फक्त वेळापत्रकातला तास, आणि तो परीक्षा जवळ आली की गणिताला जातो. खो-खोला चेंडूसुद्धा लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. अशा मुली घडतात त्या कोणी तरी रोज शिट्टी घेऊन मैदानात उभं राहतं म्हणून.

शेवटचा बचाव उरतो तो पैशाचा: सरकार सगळं कसं करणार, समाजानेही वाटा उचलावा. अंड्याचा निधी थांबवताना शाळांना हाच सल्ला मिळाला, लोकसहभागातून करा. ज्या गावात साखर कारखाना आहे, पुण्यामुंबईत स्थिरावलेले माजी विद्यार्थी आहेत, तिथे वर्गणी निघेलही. दिवाळीच्या सुमाराला ज्या गावातली अर्धी कुटुंबं ऊसतोडीला जातात, तिथल्या मुख्याध्यापकाने पावतीपुस्तक कोणापुढे धरायचं? अंड्याची गरज जिथे सगळ्यांत जास्त, तिथेच वर्गणी सगळ्यांत कमी जमणार, हे कळायला अर्थखात्याला आणखी एखाद्या पाहणीची गरज पडू नये.