सुराखानीची ज्योत आणि बॉयलरची भट्टी

कास्पियन समुद्राच्या काठी, अझरबैजान देशातील बाकू शहरानजीक, सुराखानी येथे एक जुने अग्निमंदिर आहे. प्राकाराच्या मध्यभागी चार खांबांच्या छत्रीखाली अग्निकुंड आणि सभोवार ओवऱ्या. भिंतींवर देवनागरी व गुरुमुखी शिलालेख असून काहींचा आरंभ गणेशवंदनाने होतो. कालनिर्देश विक्रम संवताचा आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत व्यापारानिमित्त तेथे गेलेल्या मुलतान-सिंधकडील मंडळींनी या ठिकाणी ज्वालाजीची उपासना केली. तेथे समिधा लागत नसत, तूपही लागत नसे; भूगर्भातून आपोआप येणारा वायूच अखंड जळत असे.

1859 साली याच देवळाच्या शेजारी कोकोरेव नावाच्या रशियन उद्योजकाचा रॉकेल गाळण्याचा कारखाना उभा राहिला. तेलातून दिव्यांपुरते रॉकेल काढून घेतले, की निम्म्याहून अधिक भाग काळ्या, दाट गाळाच्या रूपाने उरे. त्यास तिकडे ‘माझुत’ म्हणत. सरपण दुर्मीळ असलेल्या त्या प्रदेशात हे इंधन खड्ड्यांत सोडून दिले जाई, हे आज नवलाचे वाटेल.

परंतु त्याचे कारण ज्वलनाच्या स्वरूपातच आहे. लाकूड किंवा कोळसा भट्टीतील लोखंडी जाळीवर पसरला, की खालून हवा मिळून तो पेटतो. तेलाचे तसे नाही. तेल द्रवरूपाने जळत नाही. जळते ती त्याची वाफ. साचलेल्या दाट तेलास हवा केवळ वरून लागते. म्हणून उष्णता थोडी आणि काजळी फार. 1880 च्या सुमारास व्लादिमिर शुखोव्ह या तरुण अभियंत्याने यावर चांगला तोडगा काढला. त्याच्या तोटीत बॉयलरमधलीच थोडी वाफ वेगाने येऊन तेलाचे सूक्ष्म तुषार करी. प्रत्येक तुषाराभोवती हवा खेळू लागली आणि गाळ धगधगून पेटला. बॉयलर जणू आपल्याच श्वासाने आपला अग्नी फुंकू लागला. कास्पियनवरील आगबोटी व रशियातील आगगाड्या माझुतावर चालू लागल्या. पुढे थंड देशांतील घरे ऊबदार ठेवणाऱ्या बॉयलरांतही तेलाचा फवारा आला.

तथापि अग्नीस जे अर्पावे त्याचा काही अंश धुराच्या रूपाने परत येतोच. दाट तेलातील गंधक जळून हवेत विषारी वायू मिसळतो. म्हणूनच ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थान या राज्यांना फर्नेस ऑइलच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले. धुराडे मालकाचे असले, तरी धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो, हे तत्त्व वकिलास नवे नाही. इंधन बदलता येते, हेही खरे. बेळगावकडील साखर कारखान्यांच्या बॉयलरांत उसाची चिपाडे जळतात, तर काजूच्या कारखान्यांत काजूची टरफले. एकेकाळचा माझुत जसा टाकाऊ, तसेच हेही.

सुराखानीची ज्योत मात्र 1969 मध्ये विझली. आसपासचा वायू उपशाने सरला होता. आज त्या कुंडात अग्नी दिसतो, पण तो नळाने आणलेल्या वायूवर जळतो. देवाची वेदी आणि कारखान्याची भट्टी अखेर एकाच नळावर आली. उपयोग हे पाप नव्हे. परंतु ज्या अग्नीपुढे आपल्या पूर्वजांनी हात जोडले, त्याच्या इंधनाचा आणि धुराचा हिशेब ठेवणे, एवढी तरी उपासना आपल्याकडे उरली पाहिजे.